कचेऱ्यांचे स्थान आणि नोकरदारांचा प्रवास

मोठ्या कंपन्यांच्या मुख्य कचेऱ्या शहराच्या मध्यभागी असाव्यात की उपनगरांत, हा प्रश्न वरकरणी संचालक मंडळापुरता दिसतो. वस्तुतः त्याचा परिणाम सर्वप्रथम जाणवतो तो रोज लोकलने येणाऱ्या कारकुनाला. संचालकांची मोटार कोठेही पोहोचते. कारकुनाचे तसे नाही. म्हणूनच या प्रश्नाचा निर्णय केवळ जागेच्या भावावर सोपवून चालणार नाही. मुंबईचा गेल्या सहा दशकांचा अनुभव हेच सांगतो.

मुंबईचे जुने व्यापारकेंद्र भौगोलिक अर्थाने मध्यवर्ती नाहीच. ते बेटाच्या दक्षिण टोकाला आहे. त्यामुळे सकाळी गर्दीचा लोंढा दक्षिणेकडे आणि सायंकाळी उत्तरेकडे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. तो मोडावा या हेतूने चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली. शासनाच्या कचेऱ्या तेथे गेल्या म्हणजे व्यापारी कचेऱ्याही मागोमाग जातील, अशी त्यामागची अपेक्षा होती. १९७० मध्ये सिडकोची स्थापनाही झाली. परंतु मंत्रालय जागचे हलले नाही. उलट, त्याच दशकात त्याच्या शेजारी नरीमन पॉइंटला, समुद्र हटवून मिळविलेल्या भूमीवर उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या. वाशीपर्यंत प्रवासी रेल्वे पोहोचण्यास तर १९९२ साल उजाडले. एका हाताने पेरावे आणि दुसऱ्या हाताने उपटावे, असाच हा प्रकार झाला.

कालांतराने वांद्रे-कुर्ला संकुल उदयास आले. राष्ट्रीय शेअर बाजार, सेबी आणि अनेक बँका तेथे गेल्या. २०१० मध्ये हिरे बाजारही सुरू झाला. उपनगरांतील नोकरदारांचे अंतर त्यामुळे कमी झाले, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि चर्चगेटला उतरून नरीमन पॉइंटला पायी जाता येते. येथे मात्र वांद्रे किंवा कुर्ला स्थानकात उतरल्यावर बस वा रिक्षाची रांग चुकत नसे. संकुलात मेट्रो आली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये. म्हणजे मनोरे आधी आणि मार्ग नंतर! मधल्या वर्षांची किंमत कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही. ती नोकरदारांनी आपल्या वेळेतून चुकविली.

तेव्हा ‘मध्यभाग की उपनगर’ हा वाद काहीसा गैरलागू ठरतो. कचेरी कोठेही असो. तिला परवानगी देण्यापूर्वी रेल्वेची सोय आणि तेथील सामान्य कर्मचाऱ्याला परवडेल अशी घरे जवळपास आहेत काय, हे पाहिले गेले पाहिजे. ही जबाबदारी कंपन्यांची नव्हे, शासनाची आहे. आणि शासनाचे स्वतःचे वर्तन काय? एअर इंडियाची नरीमन पॉइंट येथील इमारत १,६०१ कोटी रुपयांस महाराष्ट्र शासनाला देण्यास २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. दक्षिण टोकाशी जखडलेल्या शासनाने इतरांना विकेंद्रीकरणाचा उपदेश करावा, यात विसंगती आहे. ती दूर होईपर्यंत नकाशावर नवी केंद्रे उमटत राहतील. पण नोकरदारांच्या प्रवासाचा भार हलका होणार नाही.