घरच्या कॉम्प्युटरवर 'रेड' हवी कशाला?

'रेड' म्हटलं की आमच्या आईला इन्कम टॅक्सवाले आठवतात. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी जेवताना मी "आपल्या घरी रेड टाकायची आहे" असं जाहीर केलं, तेव्हा तिच्या हातातला चमचा थेट वरणात पडला! मग मी फर्स्ट इयरच्या जोशात समजावून सांगितलं की ही रेड वेगळी. दोन हार्ड डिस्क लावायच्या, एकीवर जे लिहिलं जाईल ते आपोआप दुसरीवरही. एक मेली तरी दुसरी जिवंत. बाबा म्हणाले, "म्हणजे एकाच गोष्टीचे पैसे दोनदा?" पण मुलगा इंजिनीअरिंगला आहे म्हटल्यावर त्यांनी दिले.

मित्रांनो, आधी थोडी थिअरी. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी थोडं कच्चं आहे, सांभाळून घ्या.) 1988 मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक पेपर लिहिला. मेनफ्रेमच्या एका मोठ्या महागड्या डिस्कऐवजी पीसीच्या खूप स्वस्त डिस्क एकत्र जोडल्या तर काय होईल, हा त्यांचा प्रश्न. स्पीड मिळेल, पण डिस्क जितक्या जास्त तितकी त्यातली एखादी बिघडण्याची शक्यताही जास्त. म्हणून जादा डिस्क ठेवून बिघाड भरून काढायचा. म्हणजे हा प्रश्न मुळात मोठ्या मशीन्सचा होता, आपल्या हॉलमधल्या कॉम्प्युटर टेबलाचा नव्हे.

आता प्रकार बघा. रेड 0 मध्ये डेटाचे तुकडे दोन डिस्कवर वाटले जातात. स्पीड वाढतो, पण एक डिस्क गेली की सगळंच गेलं. उदाहरणापुरतं धरा, एक डिस्क वर्षात बिघडण्याची शक्यता 5 टक्के आहे. दोनपैकी किमान एक बिघडण्याची शक्यता होते 9.75 टक्के. जवळजवळ डबल रिस्क! आणि स्पीडच हवा असेल तर साधी एक एसएसडी दोन हार्ड डिस्कच्या जोडीला सहज मागे टाकते. रेड 5 मध्ये किमान तीन डिस्क लागतात. त्यात एक्सॉर करून पॅरिटी ठेवतात, त्यामुळे तीनपैकी कुठलीही एक गेली तरी डेटा परत काढता येतो. सेकंड इयरला डिजिटलमध्ये ज्या एक्सॉर गेटला आपण शिव्या घालतो, तोच इथे कामाला येतो. आणि रेड 1 म्हणजे मिररिंग, जे मी घरी केलं होतं.

माझ्या त्या डिस्कवर आजोबांचा आवाज होता. आजोबा आता नाहीत. त्यांनी गावाकडच्या गोष्टी, आजीची थट्टा, विहीर खोदली तेव्हाची हकिगत असं बरंच काही बाबांच्या टेपरेकॉर्डरवर बोलून ठेवलं होतं. अकरा कॅसेट होत्या. त्यांना बुरशी लागायला लागली म्हणून मी त्या सगळ्या कॉम्प्युटरवर घेतल्या आणि मोठ्या ऐटीत कॅसेट भंगारवाल्याला देऊन टाकल्या. आपल्याकडे रेड आहे ना!

मग एका रात्री नवीन गेमसाठी जागा करताना 'न्यू फोल्डर 3' मी शिफ्ट-डिलीट केला. आत काय आहे ते उघडून बघितलंच नाही. गेम टाकला आणि पहाटेपर्यंत खेळलो. आठवड्यानंतर बाबांनी आजोबांचं रेकॉर्डिंग लावायला सांगितलं, तेव्हा कळलं.

आरशासमोर उभं राहून केस कापले तर आरशातले केस शिल्लक राहतील का? रेडने तिचं काम चोख केलं होतं. एका डिस्कवरून फाइल उडवली, तिने त्याच क्षणी दुसरीवरूनही उडवली. त्याच जागेवर गेम बसल्यामुळे रिकव्हरी सॉफ्टवेअरलाही काही सापडलं नाही.

वाचवलं कोणी? आत्याने! दिवाळीला तिला एका पेन ड्राइव्हवर तोपर्यंत झालेल्या सात कॅसेट भरून दिल्या होत्या. त्या सात परत आल्या. नंतरच्या चार कायमच्या गेल्या. विहिरीची हकिगत त्यातच होती. बाबा काही बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

माझा मुद्दा हाच आहे. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. रेड फक्त डिस्क बिघडल्यावर मशीन चालू ठेवते. बँकेचा किंवा हॉस्पिटलचा सर्व्हर दोन तासही बंद पडून चालत नाही, तिथे ती हवीच. आपला कॉम्प्युटर दोन दिवस बंद राहिला तर काय बिघडतं? उलट घरी डेटा जातो तो चुकून डिलीट झाल्याने, व्हायरसने, चोरीने, वीज पडल्याने. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावर पाणी शिरलं, तर एकाच कॅबिनेटमधल्या दोन डिस्क काय आणि चार काय, बुडणार सगळ्या एकदमच.

माझा रूममेट म्हणतो, "बॅकअप रविवारी घेतला आणि डिस्क शनिवारी मेली तर? मधले सहा दिवस रेडच वाचवेल ना?" बरोबर आहे. जो रोज लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, त्याने रेड 1 जरूर लावावी, पण बॅकअप घेऊन झाल्यावर. बाकीच्यांनी तीच दुसरी डिस्क बाहेरून लावायच्या केसमध्ये घालावी, आठवड्यातून एकदा कॉपी करावी आणि वायर काढून कपाटात ठेवावी. शिवाय एक कॉपी घराबाहेर, नातेवाइकांकडे किंवा क्लाउडवर. खर्च जवळपास तेवढाच, फायदा कितीतरी जास्त.

आमच्याकडे आता रेड नाही. ती दुसरी डिस्क आईच्या कपाटात साड्यांच्या खाली असते आणि दर रविवारी बाबाच विचारतात, "कॉपी घेतलीस का रे?"

तुम्ही घेतलीत का? नसेल, तर आधी ती घ्या. हा अंक नंतर वाचलात तरी चालेल!