बाजाराला कुलूप, दलालाला मोकळीक



'तुमच्या संरक्षणासाठी' असे शब्द सरकारच्या तोंडून निघाले की आपण आधी खिसा चाचपावा. 1972 साली कापसाची एकाधिकार खरेदी आली ती आपल्याला व्यापाऱ्यापासून वाचवायला. आपलाच कापूस दुसऱ्याला विकला की आपण गुन्हेगार. सरकारला घातला की चुकाऱ्यासाठी महिनोन् महिने हेलपाटे. सरकारी संरक्षणाची ही चव आपण चाखलेली आहे.

पण जिथे खरोखर संरक्षण हवे होते, तिथे सरकार काय करत होते? शेअर, वायदे, दलाल ही मुंबईवाल्यांची भानगड आहे, असे कोणी बैठकीत म्हणाले तर त्याला विचारा, तुझ्या गावात पीएसीएलच्या पावत्या किती घरांत पडून आहेत?

पीएसीएल म्हणजे पर्ल्स. हप्ते भरा, तुमच्या नावे शेतजमीन घेऊ, मुदत संपली की वाढलेल्या किमतीचे पैसे देऊ, असे सांगून या कंपनीने पैसा गोळा केला. जमीन कुठली, गट नंबर कोणता, सातबारा कोणाचा, हे भरणाऱ्याला ठाऊक नव्हते. दोन एकर घेताना चार वेळा तलाठ्याकडे जाणारे आपण, इथे नात्यातल्या एजंटाच्या शब्दावर हप्ते भरत राहिलो.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने या कंपनीला 1999 सालीच हटकले होते. कंपनी राजस्थान उच्च न्यायालयात गेली आणि 2003 साली जिंकली. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. ऑगस्ट 2014 मध्ये सेबीने पैसे परत करण्याचा हुकूम काढला. तोवर गोळा झाले होते 49,100 कोटी रुपये, सुमारे 5 कोटी 85 लाख लोकांचे. 1999 साली जन्मलेले पोर हुकूम निघाला तेव्हा दहावीला आले होते. ही सगळी वर्षे कोर्टात तारखा पडत होत्या आणि गावात हप्त्यांची वसुली चालू होती.

आता तर एजंटाला दारात यायचीही गरज उरलेली नाही. पोराच्या मोबाईलमध्येच तो बसला आहे. निर्देशांक या आठवड्यात चढेल की पडेल यावर पैसे लावायचे, त्याला नाव ऑप्शन. सेबीनेच सप्टेंबर 2024 मध्ये आकडे दिले. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत या सौद्यांत उतरलेल्या शंभर साध्या माणसांपैकी 93 बुडाले. एकूण तोटा 1 लाख 80 हजार कोटींच्या वर. सौद्यांचा खर्च म्हणून जे सुमारे 50,000 कोटी गेले, त्यातला निम्मा दलालांच्या खिशात. माणूस जिंको की हरो, दलाली चुकत नाही. आकडा लावणाऱ्याला पोलीस धरतात, याच्या मात्र जाहिराती लागतात.

म्हणून वायदेबाजार बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. पेरणीच्या वेळी सुगीतला भाव कळावा, तो आजच बांधून घेता यावा, यासाठी आपल्याला वायदा हवाच आहे. आणि सरकारने बंद केला तो नेमका हाच! जानेवारी 2007 मध्ये तूर आणि उडीद, डिसेंबर 2021 मध्ये हरभरा, सोयाबीनसह सात जिनसांचे वायदे थांबवले. का, तर शहरात भाव चढू नयेत म्हणून. निर्देशांकावरचा जुगार मात्र धडाक्यात चालू राहिला. पिकवणाऱ्याच्या बाजाराला कुलूप आणि दलालाला मोकळीक, याला संरक्षण म्हणायचे?

बाजार बंद न करताही संरक्षण देता येते. नोव्हेंबर 2019 मध्ये सेबीने कार्वी या बड्या दलालावर कारवाई केली. गिऱ्हाइकांच्या मुखत्यारपत्राचा गैरवापर करून त्यांचे शेअर परस्पर गहाण टाकले, असा तो मामला होता. त्यानंतर 2020 पासून मार्जिनसाठी शेअर गहाण ठेवण्याची पद्धतच बदलली. मालकाच्या मोबाईलवर ओटीपी येतो आणि त्याने स्वतः होकार दिल्याशिवाय गहाणखत होत नाही. बाजार चालूच राहिला, फक्त किल्ली दलालाकडून मालकाच्या हाती आली. संघटनेला एवढेच हवे आहे. धोका पत्करायचा की नाही, हे ज्याचा पैसा त्याने ठरवावे. पण दुसऱ्याच्या पैशाला परस्पर हात लावणाऱ्याचा हात तिथल्या तिथे धरला पाहिजे.

जिल्हा बैठकीत हे ठराव घ्यावेत :

1. कोणत्याही कंपनीचा वाद कोर्टात चालू असेपर्यंत तिला लोकांकडून नवा पैसा घेऊ देऊ नये.

2. एजंटाला मिळणारे कमिशन किती, हे पावतीवर मराठीत, ठळक अक्षरांत छापावे.

3. शेतमालाचे वायदे मर्जीनुसार बंद करण्याचा सरकारचा अधिकार काढून घ्यावा.

ठराव सरकारसाठी झाले. आपल्या घरासाठी नियम आपणच करायचा. 'खात्रीचा नफा' असे शब्द काढणाऱ्याला ओट्यावर बसू देऊ नका, मग तो सख्खा मेहुणा का असेना. कोऱ्या कागदावर सही नाही, फोनवर ओटीपी नाही. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नका. नोंदणी असलेल्या दलालाविरुद्ध सेबीच्या 'स्कोअर्स'वर तक्रार करायला पैसा लागत नाही. गावात कोण कोण फसले त्यांची यादी करून बैठकीला आणा. एकट्याची तक्रार फायलीत पडते, गावाची तक्रार टाळता येत नाही.