अम्मींच्या चालीने मॉरिशस

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मॉरिशसला जाऊन आलो, हे मागच्या अंकात ओझरते लिहिले होते. त्यावर वाचक भगिनींची जी पत्रे आली त्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत होता: घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन परदेशात फिरायचे कसे? आम्ही काही जाणकार प्रवासी नाही. आम्ही दोघेही शिक्षक, पाच वर्षांची भिशी मोडून हा प्रवास केलेला. पण या प्रश्नाचे एक उत्तर आम्हाला तिथे सापडले, तेही आधी एक दिवस वाया घालवून.

आम्ही चौघे होतो. आम्ही नवरा-बायको, आठवीतली कन्या आणि सासूबाई, म्हणजे घरात सगळ्यांच्याच अम्मी. वय बहात्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. कोकणाबाहेर त्या एकदाच गेलेल्या, हजला. बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक आं फ्लाक नावाचे गाव आहे, तिथे स्वयंपाकघरासकट खोली घेतली होती.

दुसऱ्या दिवशी एका टूरवाल्याच्या बसने ‘दक्षिण दर्शन’ घेतले. माणशी पैसे भरले, चाळीस माणसांची बस. सकाळी पहिला मुक्काम जहाजांच्या लाकडी प्रतिकृती बनवणाऱ्या कारखान्यात. कारागिरी खरोखर सुंदर, मॉरिशसची ती ओळखच आहे, पण तिथे पाऊण तास. मग एका कपड्याच्या दुकानात अर्धा तास. आणि ज्यासाठी निघालो होतो त्या शामारेलच्या सात रंगांच्या मातीपाशी मिळाली वीस मिनिटे! अम्मी बसमधून उतरून कठड्यापर्यंत पोहोचायच्या आधीच परतीचा भोंगा वाजला असता. त्या म्हणाल्या, “तुम्ही बघून या, मला फोटोत दाखवा.” बसमध्येच बसून राहिल्या. रात्री जेवताना म्हणाल्या, “उद्यापासून मी खोलीवरच थांबते. तुमचा खोळंबा नको.” त्या रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. पण त्या समजूतदारपणे बोलल्या, आणि तेच आम्हाला लागले.

तेव्हा ठरवले की एक दिवस गाडी करायची, चालकासकट.

गाडी करणे हे ऐकायला श्रीमंती वाटते. हिशेब मांडला तेव्हा कळले की बसमध्ये चौघांचे मिळून जेवढे गेले होते त्याहून थोडेच जास्त लागत होते. मॉरिशसमध्ये टॅक्सीवाले सहसा मीटरने चालत नाहीत, भाडे आधीच बोलून घ्यावे लागते. खोलीच्या पहारेकऱ्याने तीन नंबर दिले. पहिल्याने सगळ्यात कमी पैसे सांगितले, पण “दुकाने नको” म्हटल्यावर भाडे वाढवले. म्हणजे आपण दुकानात शिरलो की त्याला काही मिळते, हे त्याने न सांगताच सांगितले. दुसऱ्याने एका दिवसात सारे बेट दाखवतो म्हटले. बेट लहान आहे हे खरे, उत्तर-दक्षिण पासष्ट किलोमीटरच्या आसपास. पण रस्ते डोंगरातून आणि गावांतून वळत जातात. एका दिवसात सगळे म्हणजे दिवसभर काचेतून.

तिसऱ्याने भाड्याआधी प्रश्न विचारला, “मौसींना किती पायऱ्या चढता येतात?” आम्ही तिथेच त्याला हो म्हणणार होतो. तरी शिक्षकी सवयीने सगळे फोनवर लिहून घेतले: सकाळी सव्वानऊ ते संध्याकाळी सहा, तीन हजार मॉरिशस रुपये, पेट्रोल त्यातच, प्रवेशाची तिकिटे आमची, दुकान एकही नाही, सहानंतर तासाचे इतके जास्त, पैसे दिवस संपल्यावर. आम्हाला सव्वाआठला निघायचे होते. तो म्हणाला, त्या वेळी निघालात तर पोर्ट लुईच्या रस्त्यावर कामावर जाणाऱ्या गाड्यांच्या रांगेत बसाल. तासभर झोपा.

निघायच्या दिवशी त्याने पहिली गोष्ट केली ती आमचा बेत मोडण्याची. आम्हाला आधी मधल्या पठारावर जायचे होते, क्यूरपीपचे जुने ज्वालामुखीचे विवर, मग गंगा तलाव. त्याने तिथल्या भावाला फोन लावला आणि हसला. वर पाऊस होता. आग्नेयेकडून येणारे वारे पठारावर चढताना पाऊस टाकतात आणि पश्चिम किनारा कोरडा राहतो. आपल्याकडे महाबळेश्वर आणि वाई यांचे जे नाते, तेच. खाली आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होते. आम्ही गाडी पोर्ट लुईकडे वळवली. बसवाल्याला हे करता आले नसते, त्याची चाळीस माणसांची जेवणे आधीच ठरलेली असतात.

अम्मींना पुढची सीट दिली होती. पाय लांब करता येतात आणि दार आपल्या हाताने उघडता येते. गुडघे दुखणाऱ्याला ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते, हे आम्हाला त्या दिवशी कळले. कन्या बाटली शोधत होती आणि अम्मी म्हणाल्या, “अगं, लवकर!” चालकाने मान वळवून पाहिले. “लवकर? माझी आजी म्हणायची, लवकर, लवकर!”

तो मराठी वंशाचा निघाला. तोपर्यंत आम्ही त्याच्याशी हिंदीत बोलत होतो, तो भोजपुरी मिसळलेल्या हिंदीत आणि मध्येच क्रेओलमध्ये. मराठी त्याला वीस-पंचवीस शब्दांपुरती येत होती. मुलगी मात्र शाळेत मराठी शिकते म्हणाला. मॉरिशसच्या शाळांत हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी, अरबी असे पूर्वजांच्या भाषांचे पर्याय असतात, आणि मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत या भारतीय भाषांचे काम चालते. पण तिथे मराठी म्हटले की हिंदू हे गृहीत असते आणि मुसलमान मूल बहुधा उर्दू किंवा अरबी घेते. म्हणून तो गोंधळला. “तुम्ही मुसलमान ना? मग घरात मराठी?” हा प्रश्न आम्हाला नवा नाही. मुंबईच्या लोकलमध्ये, पुण्याच्या बँकेत, कधी शिक्षकांच्या खोलीतसुद्धा तो ऐकलाय, कौतुकाच्या सुरात ऐकलाय, आणि तो कौतुकाचा सूरच जास्त टोचतो. याच्या आवाजात कौतुक नव्हते, नुसते कुतूहल होते. अम्मी म्हणाल्या, “अरे बाबा, आम्ही दापोलीकडचे. घरात कोकणी-मराठीच. उर्दू मदरशात शिकलो आणि ही दोघं तर दोन्ही शिकवतात.” त्याने सगळे समजले असे वाटत नाही. पण “दापोली” हा शब्द त्याने दोनदा स्वतःशी म्हटला.

पोर्ट लुईत आमच्या यादीत बाजार आणि जुम्मा मशीद होती. त्याने विचारले, आप्रवासी घाट बघायचा का, पाच मिनिटांवर आहे, चालणे फारसे नाही. एरवी आम्ही इतिहासाच्या जागा मुलांच्या सहलीत उरकतो. पण गाडी थांबलीच होती. बंदराजवळ काळ्या दगडांच्या इमारतींचे अवशेष आहेत आणि समुद्राकडून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या. १८३४ पासून करारावर आणलेले मजूर या बंदरात उतरत. १८४९ मध्ये ही जागा सुरू झाली, आणि पुढे लाखो माणसे इथून उसाच्या मळ्यांवर पाठवली गेली. बहुसंख्य बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली, काही तमिळ-तेलुगू मुलखातली, आणि काही मुंबई बंदरातून आलेली, त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातलीही. २००६ मध्ये युनेस्कोने ही जागा जागतिक वारशात घेतली.

तिथे चालकाने पाकिटातून एक घडी केलेला कागद काढला. मजुरांच्या नोंदी जपून ठेवलेल्या आहेत, वंशजांना त्यांचा उतारा मिळतो. त्याच्या आजोबांच्या आजोबांचा तो उतारा होता. क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जिल्हा, गाव, जहाज. जिल्ह्यापुढे रोमन लिपीत ‘रत्नागेरी’सारखे काही, आणि गावापुढे ‘खेर’. “हे कुठे?” त्याने विचारले. अनेक प्रवाशांना दाखवला असेल तो कागद, घड्यांवर फाटायला आला होता.

भाषेच्या शिक्षकाला असा कागद दाखवू नये, तो घड्याळ विसरतो. आम्ही सांगितले, गोरा कारकून ऐकेल तसे लिहायचा आणि आपला ‘ड’ त्याच्या कानाला अनेकदा ‘र’ वाटायचा. म्हणजे हे खेड असू शकते, जगबुडी नदीवरचे. अम्मी म्हणाल्या, “शेवटचे अक्षर खाल्ले असेल तर खेर्डी. चिपळूणजवळ आहे. माझी खाला तिथे दिली होती.” अब्बा, म्हणजे कन्येचे अब्बा, म्हणाले की ‘खैर’ नावाची झाडे कोकणात जिकडेतिकडे, वाडीचे नावही असेल. पाऊण तास गेला. अम्मी एका बाकावर बसून सावकाश बोलत होत्या आणि तो उभा राहून ऐकत होता. बसमध्ये आमची पाऊण तासाची कुरकुर लाकडी जहाजांपाशी झाली होती. इथे कोणी घड्याळाकडे पाहिले नाही.

बाजार मग थोडक्यात झाला. ढोल पुरी खाल्ली. डाळीचे पुरण भरलेली मऊ पोळी, गोड मात्र नाही. दोन-दोनच्या जोडीने मिळते, आत वालासारखी भाजी आणि तिखट. अम्मींनी तिला “साखर विसरलेली पुरणपोळी” ठरवले आणि आणखी एक जोडी मागितली. चालकाला आम्ही आमच्याबरोबरच खायला बसवले. कुणी गाडी करून फिरणार असेल तर एवढे करावे, कारण दुपारी आपण जेवत असताना तो कुठे जातो हे सहसा कोणी विचारत नाही.

जुम्मा मशीद रॉयल स्ट्रीटवर आहे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात व्यापाऱ्यांनी बांधायला घेतलेली. अंगणात देशी बदामाचे झाड आहे, अगदी आपल्या शाळांच्या आवारात असते तसले. अब्बांनी जोहर तिथे पढली. दुपारी शामारेलला निघालो. डोंगर चढताना अम्मींसाठी दोनदा गाडी थांबली, एकदा पायासाठी आणि एकदा नुसत्याच अननसाच्या फोडींसाठी, तिखटमीठ लावलेल्या.

सात रंगांच्या मातीपाशी चालकाने गाडी जेवढी आत नेता येते तेवढी नेली. तिथून अम्मी आपल्या चालीने कठड्यापर्यंत गेल्या. तांबडे, तपकिरी, जांभळट, निळसर असे मातीचे उंचवटे. जुन्या लाव्हाचा दगड कुजून माती झाली, त्यातल्या लोह आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांमुळे हे रंग. आम्ही कन्येला हे समजावत होतो. अम्मी म्हणाल्या, “थांब गं, आधी बघू दे.” चाळीस मिनिटे त्या तिथे होत्या. मधूनमधून ढग जायचा आणि रंग बदलायचे. बसमधल्या वीस मिनिटांत आम्हालाही हे दिसले नव्हते.

आणि मग आमच्याकडून चूक झाली. ल मॉर्नच्या किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. तो उभा काळा कडा समुद्राकाठी एकटा आहे. गुलामीतून पळालेली माणसे त्याच्या कपारीत लपत, म्हणून तोही जागतिक वारशात आहे. असर पढली, सुरूच्या सावलीत चादर टाकली. मे महिन्यात तिथे सूर्य पावणेसहाच्या आत बुडतो. आम्ही म्हटले, मावळता बघूनच जाऊ. मगरिबही तिथेच झाली. सहा वाजून गेले. परतीची वाट अजून पाऊण तासाची.

चालक काही बोलला नाही. त्याचा फोन वाजला, तो बाजूला जाऊन क्रेओलमध्ये हळू आवाजात बोलला. कन्येच्या कानाला फ्रेंचसारखे “लेसों” ऐकू आले. आम्ही विचारले तेव्हा कळले, मुलीची शिकवणी सहाला सुटते आणि तो तिला घेऊन घरी जातो. आज ती शिकवणीच्या दारात उभी होती. सहाला परत येण्याचे आम्हीच फोनवर लिहून घेतले होते. दिवसभर आपल्या सोयीने वाकलेला माणूस आणखी वाकेल असे आम्ही न बोलता धरून चाललो. आम्हीही पाच वाजता शाळा सुटली की बसथांब्याकडे धावणारे लोक, हे सुचायला हवे होते. त्याने भावाला फोन करून मुलीला घरी पोहोचवायला सांगितले. वाटेत कोणी फार बोलले नाही.

खोलीशी उतरताना ठरलेले पैसे आणि जास्तीच्या तासाचे दिले. जास्तीचे तो घेईना. अम्मींनी त्याच्या हातात कोंबले, “तुला नाही, मुलीला दे. लवकर मोठी हो म्हणावं.” तेव्हा तो हसला.

दुसऱ्या दिवशी फोनवर त्या कागदाचा फोटो आला, आणि खाली देवनागरीत, वळणदार पण थोड्या डगमगत्या अक्षरात लिहिलेल्या एका ओळीचा फोटो. मुलीने लिहिली होती: “खेड कुठे आहे ते कळवा.” आम्ही खेडच्या एका शिक्षक मित्राला तो उतारा पाठवला आहे. चिपळूणच्या खेर्डीला अम्मींच्या मावसभावाकडेही पाठवला आहे. अजून दोघांकडूनही काही आलेले नाही. अम्मी रोज रात्री विचारतात.