बालगृहातून बाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी जाहीर आवाहन

बालगृहात वाढलेल्या मुलाची तिथली मुदत वयाची १८ वर्षे पूर्ण झाली की संपते. घरात वाढणारी मुले त्या वयात बारावीचा निकाल आणि पुढचा प्रवेश यांच्या विवंचनेत असतात. तीही त्यांच्यापेक्षा आईवडिलांनाच जास्त असते. संस्थेतल्या मुलाला मात्र राहायची जागा, दोन वेळचे जेवण आणि कमाई यांची तजवीज एकदमच करावी लागते. ती जमली नाही की तो आधी मित्राच्या खोलीवर, मग हॉटेलमालकाने दिलेल्या पोटमाळ्यावर आणि काम सुटले की रेल्वे स्टेशनवर, असा हळूहळू बेघर होत जातो. फुटपाथवर झोपलेला तो लोकांना दिसतो ते अगदी शेवटी.

२०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७० हजारांवर बेघर नोंदले गेले, त्यांतले २ लाखांहून अधिक महाराष्ट्रातले होते. उघड्यावर, पुलाखाली, फलाटावर राहणाऱ्यांची ती गणना होती. आज एका मित्राकडे, उद्या दुसऱ्याकडे पथारी टाकणारा तरुण अशा आकड्यांत सापडत नाही.

कायद्याने या मुलांना वाऱ्यावर सोडलेले नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ नुसार संस्था सोडणाऱ्या तरुणाला समाजात उभे राहण्यासाठी आर्थिक साहाय्य देता येते. ही मदत वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत २३ व्या वर्षापर्यंत मिळू शकते. अशा तरुणांना राहण्यासाठी राज्यात अनुरक्षणगृहे आहेत. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत अशा तरुणासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. २०१८ मध्ये राज्य सरकारने अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकऱ्यांत १ टक्का आरक्षण दिले. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागते. ही कागदपत्रे मुलगा संस्थेत असतानाच तयार झाली तर काम सोपे होते. एकदा तो बाहेर पडून गाव सोडून गेला, की जुन्या नोंदी शोधत कार्यालयांचे उंबरठे झिजवणे त्याच्या नशिबी येते. शिवाय पुण्या-मुंबईत कॉट बेसिसवर जागा घेतली, तरी ४,००० रुपयांतला मोठा वाटा भाड्यातच जातो.

पण खरी अडचण पैशांच्या आधी सुरू होते. घरमालक डिपॉझिट मागतो, पाठोपाठ कायमचा पत्ता, आईवडिलांचा मोबाइल नंबर आणि ‘कोणी ओळखीचे आहे का’ हा प्रश्न. वसतिगृहाच्या अर्जात स्थानिक पालकाच्या सहीची जागा असते. नोकरी देणाऱ्यालाही हमी घेणारे कोणी तरी हवे असते. ‘संस्थेत वाढलो’ असे सांगितले की समोरच्याचा सूर बदलतो आणि खोली कालच गेल्याचे कळते. मुलींच्या बाबतीत यावर एक सोपा तोडगा वर्षानुवर्षे काढला जातो, तो म्हणजे लग्न. डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून उरकलेले लग्न मोडले, तर त्या मुलीला परत जायला माहेर नसते, याचा विचार तोडगा काढणारे क्वचितच करतात.

परक्या मुलाला आधार देण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. १९०१ मध्ये कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे तिथे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली. पुण्यात १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह स्थापन झाले, तर १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका छपराखाली आणले. वार लावण्याच्या रीतीला जातीची कुंपणे होती, ती भाऊरावांनी ओलांडली. तरीही एक फरक राहतोच. यांतल्या बहुतेक मुलांना सुट्टीत परतायला गाव होते. संस्थेतून बाहेर पडणाऱ्या आजच्या अनेक मुलांना दिवाळीला कुठे जायचे, याचे उत्तर नाही.

संस्थांना मदत करणाऱ्यांचा तोटा नाही, पण ती मदत बहुतेक वेळा केक, खाऊ आणि वह्यांच्या रूपाने लहान मुलांकडे जाते आणि तिचे फोटो लगेच समाजमाध्यमांवर येतात. अशा बालकांची ओळख उघड करणारी माहिती किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार मनाई आहे. सतरा वर्षांच्या मुलाला केकपेक्षा चालू बँक खाते, दुरुस्त केलेले आधार कार्ड आणि आडवेळेला फोन उचलणारा एखादा मोठा माणूस यांची गरज जास्त असते.

म्हणून नागरिकांना पुढील आवाहन करण्यात येत आहे. ज्यांच्याकडे भाड्याने द्यायची खोली आहे, त्यांनी आईवडिलांच्या नावाऐवजी संस्थेच्या अधीक्षकांचे पत्र ग्राह्य धरावे आणि डिपॉझिट हप्त्यांनी घ्यावे. निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी आणि सरकारी नोकर यांनी एका तरुणाचे स्थानिक पालक व्हावे. प्रवेशअर्जावर सही करावी, आजारपणात दवाखान्यात सोबत जावे, सणाला घरी जेवायला बोलवावे. कारखानदार, गॅरेजमालक आणि दुकानदारांनी उमेदवारीची जागा देताना राहण्याची सोय कामापासून वेगळी ठेवावी, म्हणजे काम सुटताच छप्परही जाणार नाही. गृहनिर्माण संस्थांनी अशा भाडेकरूंना नियमाबाहेरची कागदपत्रे मागू नयेत.

१८ वर्षांखालील मूल स्टेशनवर किंवा बसस्थानकात एकटे आढळले, तर त्याला परस्पर घरी नेऊ नये. १०९८ या क्रमांकावर किंवा पोलिसांना कळवावे. पालकांपासून दुरावलेल्या बालकाची माहिती २४ तासांच्या आत देणे कायद्याने बंधनकारक आहे आणि त्याच्याविषयीचा निर्णय बाल कल्याण समिती घेते. अठरा ओलांडलेल्या बेघर तरुणाला महापालिकेच्या रात्रनिवाऱ्यापर्यंत पोहोचवता येईल; तो संस्थेत वाढलेला असेल, तर जिल्हा बाल संरक्षण कक्षालाही कळवावे, कारण २१ वर्षांपर्यंत त्याला मदत मागता येते.

स्थानिक पालक होण्यास, खोली किंवा काम देण्यास तयार असलेल्यांनी आपल्या जिल्ह्याच्या महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात किंवा जवळच्या बालगृहात अधीक्षकांकडे आपले नाव द्यावे. किमान तीन वर्षे सोबत राहता येणार असेल, तरच द्यावे.