दुभाजकावरील स्थगिती : मुदतवाढ कशासाठी?

रस्त्याच्या मधोमध दुभाजक बांधण्यास एखाद्या शहराने तात्पुरती स्थगिती देणे गैर नाही. मात्र ती पुनःपुन्हा वाढविली जाते, तेव्हा निर्णय न घेताच निर्णय झालेला असतो.

अमेरिकेतील ह्यूस्टन शहराचा अनुभव ह्या संदर्भात बोलका आहे. तेथील ह्यूस्टन अ‍ॅव्हेन्यू ह्या रस्त्यावर २०२३ साली दुभाजक उभारण्यात आला. वाहने त्यावर आदळू लागली, तक्रारी वाढल्या. जानेवारी २०२४ मध्ये महापौरपदी आलेले जॉन व्हिटमायर ह्यांनी त्याच वर्षी तो काढविला. बांधताना व पाडताना, दोन्ही वेळा जनतेचाच पैसा खर्च झाला.

दुभाजकामुळे दुकानाकडे वळणारी गाडी अडते, अग्निशमन बंबाला वळसा पडतो, हे खरेच. परंतु आखीव पादचारी मार्गासह उंच दुभाजक असल्यास पादचाऱ्यांचे अपघात ४६ टक्क्यांनी घटतात, असे अमेरिकेचे महामार्ग प्रशासन सांगते. वृद्धांना व बालकांना एका वेळी एकाच दिशेची वाहने पाहून, मध्ये थांबून रस्ता ओलांडता येतो. रस्त्यावरील मृत्यू २०३० पर्यंत शून्यावर आणण्याचा संकल्प ह्यूस्टननेच २०२० साली केला होता!

म्हणूनच आम्हांस वाटते, की मुदतवाढ सरसकट नसावी. कोणत्या रस्त्यासाठी, किती काळ आणि तोवर पायी चालणाऱ्यांच्या जिवाची काळजी कोण घेणार, ह्या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे आधी द्यावीत. गाडीवाल्याची तक्रार सभागृहापर्यंत लवकर पोहोचते. पादचाऱ्याची मात्र बहुधा अपघातानंतरच ऐकू येते.