‘क्षीण’ या शब्दाची दुहेरी फसवणूक

१/ डिसेंबर २०१६. ठाणे पोलिसांनी सुमारे ९ किलो युरेनियम जप्त केले. किंमत २० कोटींहून अधिक असल्याचे छापून आले आणि ‘अणुबॉम्बचा माल’ ही आवई गावोगाव पोहोचली. प्रत्यक्षात ते ‘क्षीण युरेनियम’ होते. या धाग्याचा रोख त्या आवईवर आहे, आणि ‘क्षीण म्हणजे निरुपद्रवी’ म्हणणाऱ्यांवरही तितकाच आहे.

२/ आधी व्याख्या. खाणीतल्या युरेनियमात यू-२३५ हा विखंडनक्षम भाग अवघा ०.७ टक्के असतो. तो वेगळा काढून घेतल्यावर जे उरते त्यात त्याचे प्रमाण ०.२ ते ०.३ टक्क्यांवर येते. अण्वस्त्राला हेच प्रमाण ९० टक्क्यांच्या घरात लागते. या उरलेल्या धातूपासून बॉम्ब करणे म्हणजे ताकातून पुन्हा लोणी काढू पाहणे.

३/ आणि ते २० कोटी? २०१६ साली जागतिक बाजारात तेवढ्या नैसर्गिक युरेनियमची किंमत लाखभर रुपयांच्याही आत होती. क्षीण युरेनियमचे मोल त्याहून कमी. आपल्याकडे तर तेव्हा १९६२च्या अणुऊर्जा कायद्यामुळे त्याचा खुला बाजारच नव्हता. चोरबाजारातल्या ठकांनी सांगितलेला आकडा आपण इतिहास म्हणून साठवायचा काय?

४/ ‘४४७ कोटी वर्षे टिकणारे विष’ हेही असेच अर्धसत्य. यू-२३८चा अर्धायुष्यकाल तेवढा आहे खरा. पण ज्याचा ऱ्हास इतका संथ, त्याचा किरणोत्सारही मंद. क्षीण युरेनियमचा किरणोत्सार नैसर्गिक युरेनियमच्या सुमारे ६० टक्के. त्यातले अल्फा कण कातडीही भेदू शकत नाहीत.

५/ म्हणूनच ते रोजच्या व्यवहारातही आले. घनता शिशाच्या सुमारे १.७ पट, त्यामुळे सुरुवातीच्या बोइंग ७४७ विमानांत ते प्रतिभार म्हणून बसवले गेले. वेल्डिंगचे जोड तपासणाऱ्या रेडिओग्राफी उपकरणांत आतल्या प्रखर स्रोताभोवतीचे कवच त्याचेच असते. घन स्वरूपात, नोंदीत आणि कुलपात असलेला हा धातू भिण्याजोगा नाही.

६/ आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. हाच धातू रणगाडाभेदी गोळ्याच्या टोकाला बसवला की चित्र पालटते. आघातात तो बोथट न होता अधिक धारदार होतो, पेट घेतो आणि त्याची सूक्ष्म ऑक्साइड धूळ उडते. बाहेरून निष्प्रभ असलेला अल्फा कण फुप्फुसात शिरल्यावर निष्प्रभ राहत नाही. शिवाय युरेनियम हा जड धातू आहे. किरणोत्साराआधी त्याचे रासायनिक विषच मूत्रपिंडाला बाधते.

७/ १९१४ साली पुणे डिव्हिजनचे सैनिक ज्या बसऱ्याच्या बाजूने मेसोपोटेमियात शिरले, त्या दक्षिण इराकच्या आणि कुवेतच्या वाळवंटात १९९१ साली या धातूचे सुमारे ३०० टन डागले गेले. तेथील कर्करोगाचे सारे खापर त्यावर फोडण्याइतका पुरावा आजही नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलेच पाहिजे. पण पुरावा का नाही, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने टाळता कामा नये.

८/ कोसोवो पाहा. युद्ध जून १९९९मध्ये थांबले. गोळे नेमके कुठे डागले, याचा तपशीलवार नकाशा नाटोने संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाला दिला जुलै २०००मध्ये. वर्षभर लोक तिथेच नांगरत होते, मुले तिथेच खेळत होती. पुढे तपासणीत व्यापक प्रदूषण आढळले नाही, हे खरे. पण तो निष्कर्ष नंतरचा. अंधारात ठेवणे आधीचे. बॉस्नियात तर २००३च्या अहवालाने एका ठिकाणी पिण्याच्या पाण्यात, अत्यल्प का होईना, त्याचा अंश नोंदवला.

९/ मुळशीकरांना हे नवे वाटू नये. १९२०मध्ये धरणासाठी चाचणीचे चर खणले गेले, ते शेतमालकांना नोटीस न देता. १६ एप्रिल १९२१ला मावळे सत्याग्रहाला बसले, ते आधी फाळ आणि मग खुलासा या क्रमाविरुद्ध. ‘सार्वजनिक हित’ हा शब्द तेव्हा जे काम करत होता, तेच काम ‘क्षीण’ हा शब्द आज करतो. दोहोंची तुलना इथेच थांबते. धरण म्हणजे विष नव्हे. पण ज्याच्या जमिनीत काही पुरले किंवा बुडवले जाते, त्याला ते शेवटी कळते, ही रीत जुनीच आहे.

१०/ तेव्हा पुढची सनसनाटी बातमी येईल त्या वेळी किंमत विचारू नका. तीन प्रश्न विचारा : माल घन आहे की धूळ? किती आहे? आणि त्याची नोंद कोणाच्या दप्तरात होती? तिसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत ‘घाबरू नका’ म्हणणाऱ्यावर आणि ‘पळा’ म्हणणाऱ्यावर, दोघांवरही विश्वास ठेवण्याचे कारण नाही.