दिवा लागला, दोष कोणाचा?

कारापूरच्या विठ्ठलमंदिरापासून वाळवंटीच्या काठाने सायंकाळी फेरी मारावयाची, हा आमचा जुना परिपाठ आहे. गेल्या पावसाळ्यात अशाच एका फेरीत आमचा एक माजी विद्यार्थी वाटेत भेटला. चेहरा उतरलेला. चौकशी केली तेव्हा म्हणाला, "सर, पोकलेन घेतला आणि फसलो. इंजिन खोलावे लागेल म्हणतात."

दूरच्या वाचकांसाठी थोडा पूर्वेतिहास सांगणे अवश्य आहे. डिचोली-साखळीचा हा टापू लोहखनिजाचा. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या. ट्रक, डोझर, पोकलेन जागच्या जागी उभे राहिले. कित्येकांनी पावसाळ्यांमागून पावसाळे उघड्यावर काढले. असेच एक यंत्र या मुलाने कर्ज काढून, घरांचे पाये खणण्याच्या कामासाठी विकत घेतले होते.

अर्धा तास काम झाले, की यंत्रातला लाल दिवा लागे व इंजिनाची ताकद आपोआप उतरे. ऑईलचा दाब कमी झाल्याचा तो इशारा. एका कारागिराने निदान केले : बेअरिंग गेली, इंजिन उतरवा. खर्चाचा आकडा ऐकून घरात चूल पेटेनाशी झाली होती.

सुदैवाने, खाणीवर विजेची कामे केलेले एक वृद्ध गृहस्थ जवळच राहतात. दुसऱ्या दिवशी ते यंत्रापाशी आले. आम्हीही कुतूहलाने गेलो. त्यांनी हत्यार उचलण्यापूर्वी पडद्यावरील कोड वाचला. कोडाचे आकडे दोन असतात : पहिला काय बिघडले ते सांगतो, दुसरा कसे बिघडले ते. पहिला आकडा होता १००, म्हणजे ऑईलचा दाब. दुसरा होता ४. ते म्हणाले, "येथे १ असता, तर दाब खरोखरीच उतरला असे समजून मी इंजिन तत्काळ बंद करायला सांगितले असते. ४ म्हणजे सेन्सरकडून येणारा विजेचा संदेश अवास्तव क्षीण आहे. तक्रार तेलाची नव्हे, निरोपाची दिसते."

तरीही केवळ तर्कावर त्यांनी विसंबून राहिले नाहीत. सेन्सर काढून त्याच्या जागी साधा काट्याचा प्रेशर गेज बसविला आणि इंजिन गरम होईपर्यंत चालविले. दाब पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत स्थिर राहिला. इंजिन निरोगी ठरले.

मग सेन्सर दोषी की तार? सेन्सर तर आधीच्या कारागिराने एकदा बदलला होता. त्यांनी तो पुन्हा बसविला आणि त्याचा कनेक्टर सोडविला. या यंत्रात सेन्सर सुटताच ४ जाऊन त्या जागी ३, म्हणजे अवाजवी उच्च संदेश, यावयास हवा; तसा आला असता तर तार निर्दोष व सेन्सर सदोष ठरला असता. पण ४ हलला नाही. मग चावी बंद करून, बॅटरी व इंजिनाच्या संगणकाचा प्लग सोडवून, संदेशाची तार व सांगाडा यांमधील रोध मल्टिमीटरने मोजला. तो अपरिमित हवा. तारांची जुडी हातांनी हलविताच काटा कोसळे. इंजिनामागे एका पट्टीवर घासून तारेचे आवरण गेले होते. इंजिन थरथरले की तांबे लोखंडाला टेकत असे. नवे आवरण, एक क्लिप, आणि काम संपले.

जुने यंत्र घेऊ पाहणाऱ्यांना त्या गृहस्थांनी सांगितलेल्या दोन गोष्टी येथे नोंदवितो. चावी फिरवताच सर्व इशारादिवे क्षणभर लागून विझले पाहिजेत. एखादा लागलाच नाही, तर तो कोणी मुद्दाम निकामी केला नाही ना, हे पाहावे. आणि विक्रेत्याने कोड पुसून ठेवले असण्याचा संभव असतो. म्हणून थंड इंजिन स्वतःसमोर सुरू करवून, अर्धा तास काम करवून, कोड पुन्हा वाचावेत.

परतताना आम्हांस आमचीच एक चूक आठवली. पुष्कळ वर्षांपूर्वी एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात आम्ही 'अभ्यासात कच्चा' असा शेरा मारला होता. पुढे कळले, की त्याला फळाच दिसत नव्हता. चष्मा लागला आणि वर्षभरात मुलगा वर आला. शेरा मात्र आमच्या हस्ताक्षरात तसाच राहिला. दिवा लागला की इंजिन उतरवावयास निघालेल्या त्या कारागिराला आम्ही कोणत्या तोंडाने हसावे?

असो. पोकलेन पुन्हा कामावर आहे, आणि आमच्या विद्यार्थ्याच्या पेटीत आता पान्यांच्या जोडीला एक प्रेशर गेज व एक मल्टिमीटर असतो.